मांडवात मोडलेली घडी

माझी नात मोठ्यानं वाचून पाठ करते. जुळे सोलापूर भागातल्या या फ्लॅटच्या भिंती अशा आहेत की शेजारच्यांनाही एव्हाना तिचा इतिहास पाठ झाला असेल. परवा ती घोकत होती, दूरच्या साम्राज्याविरुद्ध वसाहतींनी बंड का केले, कारणे लिहा. करांचा बोजा, व्यापारावर बंधने, कारभारात वाटा नाही. बोटांवर मोजत मोजत तिनं सगळं म्हटलं आणि मग माझ्याकडे वळली, "आजी, एक कारण राहिलंय. काय गं ते?" मी शेंगा सोलत होते. म्हटलं, "वर बसलेल्याला खाली कोण मेलं तेसुद्धा माहीत नसतं, हे लिही." ती हसली आणि पुस्तकात नाही म्हणाली. पुस्तकात नसेल. पण मला ते कारण तिच्याहून लहान असताना कळलं होतं, आणि तेव्हापासून मी ते जपून ठेवलंय. आधीच सांगून ठेवते, पुढं क्षमा वगैरे काही येणार नाही. वय झालं की माणूस निवळतं म्हणतात. मी काही निवळले नाही.

आम्ही विणकर. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि शेजारच्या खालांशी, म्हणजे मुसलमान मावशींशी, बोलताना जमेल तशी दखनी. इथं सगळ्यांचं बोलणं मी मराठीतच लिहिणार आहे, फक्त हाका तशाच ठेवते. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो, आईला अम्मा. वडिलांच्या थोरल्या भावाला पेद्दनायना. हे पेद्दनायना हैदराबादला राहायचे आणि आमच्यावर राज्य करायचे. दुसरा शब्द मला सापडत नाही. नायनांना त्यांनीच चार माग देऊन सोलापूरला पाठवलं होतं, जा, तिथं चादरींचं काम आहे, आपल्या घराचं नाव तिथंही होऊ दे म्हणून. नायना आले, पत्र्याची शेड उभी केली, लग्न केलं, आम्ही दोघी बहिणी झालो, पण घर काही आमचं झालं नाही. ते हैदराबादच्या घराचं सोलापुरातलं एक टोक होतं. शेडमध्ये मागांच्या वर पेद्दनायनांचा फोटो होता, आणि रोज सकाळी माग सुरू करण्याआधी नायना त्याला हात जोडायचे. देव त्याच्या शेजारी, जरा लहान चौकटीत होता.

आवाज म्हणाल तर मागाचा. खटाखट, खटाखट, पहाटेपासून. पाहुणे आले की कानांवर हात ठेवायचे, आम्हाला मात्र सुटीच्या दिवशी माग थांबला की काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. अम्मा दाराशी बसून सुताच्या कांड्या भरायची आणि तिथूनच चुलीवरच्या चिंचेच्या साराकडे लक्ष ठेवायची. दुपारी ज्वारीची कडक भाकरी, त्यावर शेंगाचटणी, आणि ते सार. आमच्याकडे कामाला वळसंगचे दगडूमामा होते. ते आपल्या फडक्यातली भाकरी सोडायचे, अम्मा त्यांच्या वाटीत सार ओतायची, आणि रोज ते म्हणायचे, "वहिनी, तुमचं हे पानी लई भारी हाय, पन ह्यात डाळ टाकायला इसरता बगा." रोज तोच विनोद, आणि रोज आम्ही दोघी बहिणी हसायचो. माझी धाकटी बहीण तर पोट धरून हसायची. तिचं नाव सरोजा, पण आम्ही तिला चिट्टी म्हणायचो, म्हणजे छोटी.

राज्य कसं चालायचं तेही सांगते. माझं नाव पेद्दनायनांनी ठेवलं, चिट्टीचंही. शेडची खिडकी पश्चिमेला ठेवायची हे त्यांनी ठरवलं, कारण ते एकदा आले होते तेव्हा तिकडून गार वारा येत होता. पुढं त्या बाजूला दुसऱ्या कारखान्याची उंच भिंत उठली. सोलापूरचा उन्हाळा, वर पत्रा, खिडकीबाहेर भिंत. आम्ही आत भाजून निघायचो, पण खिडकी हलवायची तर हैदराबादला विचारायला हवं होतं. नायनांनी एकदा विचारलं. तिकडून निरोप आला की खिडकी बरोबर आहे, तिकडून चांगला वारा येतो. नायना 'बरं' म्हणाले. नव्या ताण्यावरचं पहिलं कापड देवाला द्यायचं अशी आमची रीत, पण आमचं पहिलं कापड आधी हैदराबादला जायचं आणि तिथल्या देवाला तिथल्या नावानं वाहिलं जायचं. वर्षातून एकदा शेंगाचटणीचा डबा जायचा आणि उलट निरोप यायचा की तुमची चटणी फार तिखट, तिकडं राहून तुम्ही रानटी होत चाललात. डबा मात्र रिकामा परत यायचा. नायना नाकासमोर चालणारे. थोरल्या भावापुढं त्यांच्या तोंडून कधी ब्र निघाला नाही. अम्माला मात्र हे सगळं खुपायचं, आणि तिचं खुपणं माझ्यात उतरलं होतं.

पेद्दनायना शेवटचे आले ते चिट्टीच्या बारशाला. पाळण्यात वाकून त्यांनी तिच्या कानात नाव सांगितलं, ताटभर जेवले आणि गेले. त्यानंतर चिट्टी रांगली, चालली, शाळेत गेली, तिसरीत पोचली. तिचे पुढचे दोन दात पडले तेव्हा तिनं ते स्वतः शेडच्या पत्र्यावर फेकले. पहिला दात नीट गेला, दुसरा घरंगळून खाली आला, म्हणून तिनं तो दगडूमामांकडून पुन्हा फेकून घेतला. नवे दात आले ते मोठे, कडेला कातरे, आणि हसली की आधी तेच दिसायचे. पेद्दनायनांनी यातलं काही पाहिलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती पाळण्यातच होती.

ऐन उन्हाळ्यात चिट्टीला ताप आला. गल्लीतल्या डॉक्टरांनी केलं ते सगळं केलं, मग मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथल्यांनीही केलं. मी कुणाला दोष देत नाही. माणसाच्या हातात नसतं ते नसतं. ती गेली. शेजारच्या खालांनी अम्माला धरून ठेवलं, नायना आणि दगडूमामा चिट्टीला घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. आमच्या गल्लीत कुणाकडे माणूस गेलं की आजूबाजूचे माग आपोआप थांबतात. कुणी सांगावं लागत नाही. त्या दिवशी गल्लीतले सगळे माग थांबले आणि एवढी शांतता झाली की अम्माचा श्वास मला दारातून ऐकू येत होता.

हैदराबादला कळवणं भाग होतं, कारण तिथं लग्न आठवड्यावर आलं होतं. पेद्दनायनांच्या थोरल्या मुलाचं, म्हणजे घराण्यातलं सगळ्यात मोठं लग्न. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानात फोन होता. नायना मला बरोबर घेऊन गेले, बहुधा एकट्यानं बोलायची हिंमत नव्हती म्हणून. लांबचा फोन म्हणजे तेव्हा ओरडून बोलावं लागायचं, त्यामुळे पलीकडचं मला शब्द न् शब्द ऐकू आलं. नायनांनी सांगितलं.  पेद्दनायना म्हणाले, "वाईट झालं. पण हे बघ, दुधाच्या दातांचं लेकरू. त्याचं काय सुतक धरायचं? पाळण्यातलं पोर गेलं म्हणून कुणी लग्न पुढं ढकलत नाही. कुणाला सांगू नकोस. रडायचं ते दार लावून रडा. माग बंद ठेवू नका, लोक विचारतील. आणि लग्नाला या, मानाची चादर घेऊन. तोंड पाडून येऊ नका."

मी नायनांची बाही ओढत होते. मला ओरडून सांगायचं होतं की ती तिसरीत होती, तिला पाढे येत होते, तिचे नवे दात आले होते. नायनांनी माझा हात हळूच सोडवला. "बरं, अन्ना," ते म्हणाले. अन्ना म्हणजे दादा. तो फोन खाली ठेवताना नायनांचा चेहरा कसा होता ते मला आजही दिसतं, आणि आजही माझ्या अंगाची आग होते. एक माणूस आमच्या घरात पाऊल न टाकता ठरवत होता की आमच्या घरात कुणी मेलेलंच नाही. कापड घ्या, चटणी घ्या, खिडकीला भिंत दाखवा, माणूस सगळं सोसतं. पण तुम्ही आमचं मेलेलं माणूसही आम्हाला मोजू देणार नसाल तर मग आम्ही तुमचे कोण? नातीच्या पुस्तकात हे नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नायना शेडमध्ये गेले आणि दगडूमामांना म्हणाले, माग चालू करा. मामा डोक्याची टोपी काढून हातात घेऊन उभे राहिले. "मालक, गल्लीतल्या लोकांनी आपल्या पोरीसाटी माग बंद ठिवल्यात. आन् आपल्याच घरचा चालू करायचा व्हय? माजं हात न्हाय चालायचं. तुमी म्हनलासा तर गावाकडं जातो." आणि ते शेडबाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. मग नायनांनी स्वतः माग चालू केला. खटाखट, खटाखट. भिंतीपलीकडे अम्मा पडून होती. तिनं कान झाकले नाहीत. उठून बसली आणि ऐकत राहिली. तिचा तो चेहरा पाहून मला माझ्या वडिलांचा राग आला, एवढा की मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

आता ही मानाची चादर काय ते सांगायला हवं. आमच्या घराण्यात नवरा-नवरीला मांडवात ज्या चादरीवर बसवायचं, ती घराण्यातल्याच मागावर विणलेली हवी. तिच्या मधोमध आजोबांचं नाव विणलेलं असायचं. ती घडी करून न्यायची आणि ती घडी मांडवातच, सगळ्यांसमोर मोडायची. आधी कुणी उघडून पाहायची नाही, घरच्यांनीसुद्धा नाही, अपशकुन होतो म्हणून. हा नियम हैदराबादचाच, आणि तिकडे तो फार कडक होता. या खेपेला पेद्दनायनांनी आधीच कळवलं होतं की आजोबांचं नाव पुरे झालं, आता तिथं त्यांचं स्वतःचं नाव घाला, तेलुगू अक्षरांत, मोठं. नाव विणायचं म्हणजे आधी ते चौकटींच्या कागदावर एकेक घर भरून काढायचं, मग त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, आणि ते पुठ्ठे मागाच्या डोक्यावर चढवायचे. भोकं जशी, तसं कापड. हे काम नायना स्वतः करायचे.

ते कागद घेऊन बसले तेव्हा अम्मा उठून त्यांच्यासमोर जाऊन बसली. मी दारात होते. ती ओरडली नाही. म्हणाली, "तुमच्या अन्नांचं नाव काढताय?"

"त्यांनी सांगितलंय."

"काढा. आणि तिचं कुठं काढणार? रडायचं नाही, सुतक नाही, कुणाला सांगायचं नाही. तिचं नाव कुठंतरी राहायला हवं की नको? की मी आठ वर्षं नुसतंच कुणालातरी जेवायला घालत होते?"

 नायनांनी कागद उलटा केला, पेन्सिलीला टोक काढलं आणि पुन्हा घरं भरायला लागले. मला जवळ बोलावलं. मी मराठी शाळेतली, मला तेलुगू अक्षरं म्हणजे अम्मानं रांगोळीत शिकवलेली आम्हा दोघींची नावं, तेवढीच. "वाचता येतंय का?" त्यांनी विचारलं. शेवटची अक्षरं मी ओळखली. सरोजा. त्याच्या आधी काय आहे ते त्यांनीच बोट ठेवून सांगितलं, "स्वर्गीय कुमारी." मी त्यांच्याशी बोलत नव्हते, पण तेव्हा त्यांच्या गळ्यात पडले. माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच बंड केलं, आणि ते पेन्सिलीनं, घरं मोजत, रेघ न चुकवता केलं.

पुठ्ठे तयार झाल्यावर त्यांनी दगडूमामांना कट्ट्यावरून आत बोलावलं. मामांनी पुठ्ठ्यांकडे पाहिलं. "हे काय लिवलंय, मालक? नेहमीचं न्हाय दिसत." नायनांनी सांगितलं. मामांनी डोळे पुसले आणि टोपी डोक्यावर घातली. "मग सरका बाजूला. ही मी इनतो." लाल जमीन, पांढरी अक्षरं. उलट्या बाजूनं पाहिलं की पांढऱ्यावर लाल आणि अक्षरं उलटी. मामांनी ती मागावरून उतरवली, अम्मानं तिच्यावरून हात फिरवला, आणि अक्षरं आत जातील अशी घडी घातली. मग ती मामांना म्हणाली, "हे परत येईपर्यंत माग बंद करू नका. बंद दिसला तर कुणीतरी तिकडं सांगेल, आणि आधीच कळलं तर सगळं फुकट." मामा म्हणाले, "वहिनी, आता रातंदिस चालवतो की." अम्मा स्वतः लग्नाला आली नाही. "मला सुतक आहे," ती म्हणाली. "मी कशी येऊ मांडवात?"

मी आणि नायना सकाळच्या गाडीनं निघालो. चादर एका पांढऱ्या धोतरात बांधून मी मांडीवर घेतली होती. होटगीला गाडी थांबली आणि नायना एकदम उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. "चल, इथंच उतरू," ते म्हणाले. "परत जाऊ. आजारी पडलो म्हणून सांगू. विजया, ऐक, तो माझा थोरला भाऊ आहे." मी गाठोडं बाकावर ठेवलं आणि त्याच्यावर बसले. चादरीवर बसू नये हे मला कळत होतं, पण दुसरा उपाय नव्हता. "तुम्ही जा," मी म्हटलं. "मी पेद्दनायनांकडे एकटी जाते." होटगीला गाडी बराच वेळ थांबायची. फलाटावर भजी तळत होते, त्याचा वास येत होता, आणि नायना डब्याच्या दारात एक पाय बाहेर ठेवून उभे होते. शिट्टी झाली तेव्हा ते आत आले आणि माझ्यासमोर बसले.  वाडी जंक्शनला त्यांनी मला चहा घेऊन दिला, आणि मला कळलं की आता ते परत फिरणार नाहीत.

हैदराबादचं घर माणसांनी भरलेलं होतं. आमच्याकडे कुणी चिट्टीबद्दल विचारलं नाही. ती आली का नाही असंसुद्धा नाही. पेद्दनायनांनी नायनांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शहाणा आहेस." आम्ही कुणाला काही सांगितलं नाही याची ती बक्षिसी. मी त्यांच्या पाया पडले नाही, गर्दीत ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. पेद्दनायनांच्या बायकोला चादर पाहायची होती, रंग बरा आहे ना म्हणून. तिनं गाठोड्याला हात घातला. मी मान खाली घालून, अगदी गरीब चेहऱ्यानं म्हटलं, "घडी मांडवातच मोडायची ना? अपशकुन होतो म्हणतात." तिनं हात मागं घेतला आणि चारचौघींना सांगितलं की सोलापूरच्या पोरींना अजून रीतभात आहे. त्यांचाच नियम मी त्यांच्या तोंडावर बांधला. ही माझ्या आयुष्यातली पहिली लबाडी, आणि मला तिचा अजून अभिमान आहे.

दुसऱ्या दिवशी मांडवात मुलीकडचे लोक बसले होते, भटजी होते, मुहूर्ताला थोडा वेळ होता. पेद्दनायना रेशमी धोतर नेसून, कपाळभर गंध लावून पुढं आले. त्यांनी हात लांब करून सगळ्यांना सांगितलं, "आमच्या सोलापूरच्या घरची मानाची चादर." आमच्या सोलापूरच्या घरची. एका टोकाला त्यांनी धरलं, दुसऱ्या टोकाला नायनांनी, आणि रीतीप्रमाणे दोघांनी झटकून घडी मोडली. लाल चादर मांडवभर फुलली आणि मधोमध पांढरी अक्षरं सगळ्यांसमोर आली. आपलं नाव वाचायला पेद्दनायनांनी मान वाकवली. ती वर यायला वेळ लागला.

मुलीचे वडील पुढच्याच रांगेत होते. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "स्वर्गीय कुमारी सरोजा." मग विचारलं, "ही कोण?"

पेद्दनायना काही बोलायच्या आत नायना बोलले.  "माझी धाकटी मुलगी. गेल्या आठवड्यात गेली."

मांडवात कुजबूज उठली. मुलीचे वडील पेद्दनायनांकडे वळले. "घरात सुतक आहे? आणि तुम्ही आम्हाला मांडवात बसवलंत? तुम्हाला माहीत होतं का?"

हा क्षण मी इतक्या वेळा आठवलाय की आता तो माझ्या बोटांवर असल्यासारखा आहे. 'माहीत होतं' म्हणाले असते तर चारशे माणसांत खोटारडे ठरले असते, सोयरीकच मोडली असती. 'माहीत नव्हतं' म्हणायचं तर मग आत्ता कळलं, आणि कळल्यावर करायचं ते करावं लागणार होतं. त्यांच्या कपाळावरच्या गंधातून घाम ओघळत होता. ते म्हणाले, "मला आत्ताच कळतंय." आणि मग सुटकेचा शेवटचा रस्ता शोधत भटजींकडे बघून म्हणाले, "पण लेकरू होतं. दुधाच्या दातांचं."

"तिसरीत होती, अन्ना," नायना म्हणाले. "दात पडून नवे आले होते."

"तिसरीत?" पेद्दनायना म्हणाले.

त्या एका प्रश्नात नाटक नव्हतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते नायनांकडे बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे. मला तेव्हा त्यांची दया आली होती का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. नाही आली. उलट मला वाटलं, हे न जाणता तुम्ही एवढी वर्षं राज्य केलंत?

भटजींनी सांगितलं की वार्ता कानावर पडली, आता नेसत्या वस्त्रानिशी स्नान, आणि लग्न सुतक फिटल्यावर. मुलीकडच्यांनी मान डोलावली. अंगणात हौद होता. घरातल्या सगळ्या पुरुषांना तिथं नेलं, पण सगळ्यात आधी कर्त्या माणसाला. पेद्दनायना हौदापाशी उभे राहिले आणि त्यांनी पायांवर पाणी घेतलं. "डोक्यावरून," भटजी म्हणाले. मग एका पुतण्यानं घागर उचलली. रेशमी धोतर अंगाला चिकटलं, गंध वाहून दाढीत आलं, मिशा खाली लोंबल्या. लग्नाला आलेली सगळी माणसं उभी राहून बघत होती. मी सगळ्यांच्या पुढं जाऊन बघितलं. लोक म्हणतात सूड घेऊन माणसाचं समाधान होत नाही. ते लोक त्या अंगणात नव्हते. नवरीचं लग्न नंतर झालं आणि ती सुखात नांदली, त्यामुळे तिच्याबद्दलही मला कुणी काही ऐकवू नये.

पुढं त्यांनी माग परत मागितले, ट्रक पाठवला, आणि नायनांनी चारही माग मुकाट्यानं चढवून दिले. आम्ही दुसऱ्याच्या मागावर मजुरी केली, फार हाल काढले, पण रिकाम्या शेडची ती खिडकी नायनांनी त्याच आठवड्यात बुजवली आणि पूर्वेला नवी पाडली. चांगला वारा यायचा. हैदराबादचं घर नंतर भावाभावांत वाटून फुटलं. मी दर दोन-चार वर्षांनी कुणाला ना कुणाला विचारून खात्री करून घ्यायचे.

पण तेव्हाचं राहिलंच. आम्ही परत आलो तेव्हा दुपार होती. गल्लीच्या तोंडापासूनच आमच्या शेडमधला माग ऐकू येत होता, दगडूमामांनी तो थांबू दिला नव्हता. अम्मा उंबऱ्यात बसली होती, आम्ही गेलो तेव्हा बसली होती तिथंच. नायनांनी चादरीचं गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. ते परत आणायला ते विसरले नव्हते. तिनं गाठ सोडली नाही, फक्त हात ठेवला.

"आंघोळ केली त्यांनी?" तिनं विचारलं.

"केली."

"डोक्यावरून?"

"डोक्यावरून. सगळ्यांसमोर."

अम्मानं मान हलवली. मग ती उंबऱ्यातूनच शेडकडे तोंड करून म्हणाली, "मामा, आता बंद करा." त्या घरात हैदराबादला न विचारता दिलेला तो पहिला हुकूम. मामांनी मागाचा दांडा ओढला, खटाखट थांबली, आणि अम्मा गाठोडं छातीशी धरून, दार उघडं ठेवून, मोठ्यानं रडायला लागली.